पंचेचाळीस चिठ्ठ्या

एकशे सत्त्याऐंशी. हा माझा आकडा आहे आणि तो मी कुणालाही, न विचारता सांगते. सायटेशन म्हणजे काय हे आमच्या सोसायटीतल्या विमलाताईंना मी तीनदा समजावलंय. दुसऱ्या कुणा संशोधकाने आपल्या लेखात तुमच्या लेखाचा हवाला दिला, शेवटच्या यादीत तुमचं नाव, साल आणि पान नंबर टाकले, की तुमच्या नावावर एक जमा. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे लाइकच ना ते? मी विषय सोडला.

मी मधुवंती वैद्य, वय एकोणसत्तर, मुलुंड पूर्व. मरोळला केमिकल कंपन्यांनी मिळून चालवलेलं एक माहिती केंद्र होतं, त्याची लायब्ररी मी एकतीस वर्षं सांभाळली. जन्मभरात अकरा पेपर लिहिले. त्यातल्या दहांना मिळून तेवीस सायटेशन आणि उरलेल्या एकाला, १९८८ सालच्या, एकशे सत्त्याऐंशी. इन्फर्मेशन सायन्समधल्या मोठ्या लोकांपुढे हे काहीच नाही, ठाऊक आहे मला. पण नवरा गेला, गुडघे गेले, केंद्रही बंद पडलं, आणि हा आकडा मात्र वर्षाला दोन-तीनने वाढतोच आहे. सकाळचा चहा झाला की मी फोनवर बघते. वाढला असेल तर दुसरा चहा करते.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी गार्गी याच विषयात पीएच.डी. करते. हे खूळ तिच्या डोक्यात मीच भरलं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. एका रविवारी ती घाटकोपरहून जेवायला आली. वालाचं बिरडं दोनदा वाढून घेतलं, ताट चाटूनपुसून साफ केलं आणि मग म्हणाली, "मावशी, रागावू नकोस हं. पण तुझा तो पेपर कुणी वाचलेलाच नाहीये."

मी म्हटलं, पुन्हा बोल.

ती पुन्हा बोलली. जुन्या चाळीस पेपरांचे हवाले ती एकेक करून तपासत होती. माझा पेपर मासिकात छापला गेला तो पान एकशे तेरा ते एकशे एकवीसवर. आणि एकशे सत्त्याऐंशीपैकी एकशे एक्क्याऐंशी जणांनी लिहिलं होतं, पान एक ते नऊ. तिचं म्हणणं असं, की पहिल्या कुणीतरी चूक केली आणि बाकीच्यांनी मूळ पेपर न उघडताच त्याच्या यादीतून माझं नाव उचललं. परीक्षेत सगळ्या बाकांवर एकच चुकीचं उत्तर सापडलं तर बाई काय समजतात? तसंच हे. आणि तिच्या लेखातलं पहिलं उदाहरण माझंच होतं. दहा दिवसांत लेख पाठवायचा होता. हवं तर तुझं नाव झाकते, असंही म्हणाली.

नाव झाकते! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की बिरड्याचं पातेलं उचलून मी सरळ आत नेलं. खरं तर तिला अजून हवं होतं. दुपारभर मी तिच्याशी बोलले नाही. राग तिचा नव्हता, हे मलाही कळत होतं. लागलं होतं ते वेगळंच. छत्तीस-सदतीस वर्षं मी समजत होते की कुठेतरी, कुणीतरी, दिव्याखाली बसून माझी नऊ पानं वाचतंय. ते जर खोटं असेल तर सकाळचा दुसरा चहा कशाचा पीत होते मी?

भांडी घासता घासता हात थांबला. नऊ पानं. एक ते नऊ. अगं, हे तर रिप्रिंटचे नंबर.

हात तसेच ओले घेऊन मी बाहेर आले आणि गार्गीला झोपेतून उठवलं. तिला रिप्रिंट हा शब्दच माहीत नव्हता, घ्या. त्या काळी इंटरनेट नव्हतं, झेरॉक्स महाग. लेख छापून आला की मासिकवाले लेखकाला त्याच लेखाच्या सुट्या प्रती द्यायचे, वर पातळ रंगीत कागद आणि दोन पिना. ज्याला लेख हवा त्याने तुम्हाला पोस्टकार्ड टाकायचं, की कृपया एक रिप्रिंट पाठवावी. तुम्ही ती पाकिटात घालून पाठवायची. धारवाडहून, खरगपूरहून, बुडापेस्टहून अशी कार्डं यायची आमच्याकडे. बाहेरच्यांची छापील असायची, नुसतं लेखाचं नाव हाताने भरलेलं. कार्ड आलं की केंद्रभर बातमी. डायरेक्टरसुद्धा विचारायचे, वैद्य, आज कुठलं?

आणि माझ्या रिप्रिंट ज्या छापखान्याने काढल्या त्याने पानांचे नंबर पुन्हा एकपासून टाकले होते. मी त्याच्याशी कडाकडा भांडले होते. तो शांतपणे म्हणाला होता, बाई, वाचायला तर तेवढंच येतं ना? मासिकाचं नाव, अंक, साल सगळं वर होतं, मूळ पान नंबर तेवढे कुठेच नव्हते. म्हणजे ज्याने एक ते नऊ लिहिलं त्याच्या हातात माझी रिप्रिंट होती. चुकलेला नंबर हीच वाचल्याची खूण!

गार्गीने डोळे चोळले आणि एकच शब्द विचारला. "पुरावा?"

मीच शिकवलंय तिला तसं. आता भोगा.

पुरावा होता तो नोएलकडे. नोएल क्रियाडो आमचा डिस्पॅच क्लार्क, मरोळ गावठाणातला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. दुपारी जेवायला घरी जाऊन परत यायचा इतकं जवळ. केंद्राच्या मागे तेव्हा अजून थोडी शेतं होती आणि त्यातला भेंडीचा एक वाफा त्याच्या काकाचा. महिन्यातून एकदा माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली भेंडी असायची आणि त्याबद्दल बोलायचं नाही असा आमच्यात अलिखित नियम. त्याला स्टॅम्पचा नाद. पोस्टकार्डावरचे स्टॅम्प मला द्याल का मॅडम, असं त्याने विचारलं तर मी त्याच्यावर खेकसले होते, की कार्ड हे रेकॉर्ड आहे, त्याला कात्री लावलीस तर बघ. त्याने कधी लावली नाही. उलट प्रत्येक कार्डावर रिप्रिंट कुठल्या तारखेला पाठवली ते नोंदवायचा, ठसठशीत अक्षरात.

तो पेपरसुद्धा त्याच्याशिवाय झाला नसता. वाचक मासिक मागायला चिठ्ठी भरायचे. तीन वर्षांच्या त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या होत्या. किती जुनं मासिक लोक अजून मागतात हे मला मोजायचं होतं, म्हणजे माळ्यावरचं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरलं असतं. चार हजार एकशे बारा चिठ्ठ्या. शनिवारी अर्धा दिवस असायचा, तो आटपला की आम्ही दोघं बसायचो. नोएल चिठ्ठ्या वर्षांप्रमाणे लावायचा, मोजायचा, दोऱ्याने बंडल बांधायचा, वर पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून आकडा लिहायचा. मी तोपर्यंत डब्यातले पोहे संपवून त्याला दम द्यायचे, की आटप रे, मला बस पकडायची आहे. मोजताना मध्ये कुणी बोललं तर तो रागावायचा नाही. पहिल्यापासून मोजायचा. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले शनिवार होते, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

केंद्र बंद पडलं तेव्हा सगळं रद्दीत गेलं. नोएलने मला फोन करून विचारलं होतं, मॅडम, कार्डांचे खोके मी नेऊ का घरी? मी म्हटलं, ने बाबा, कशाला पण हा कचरा? नंतर तो करोनात गेला. मला सहा महिन्यांनी कळलं. फ्रेडाला, त्याच्या बायकोला, फोन करायचा करायचा म्हणून राहूनच गेलं. आता कामासाठी फोन करायचा म्हणजे लाजच. पण केला. जुन्या डायरीतला लँडलाइन लागला आणि तीच बोलली. मॅडम म्हणून लगेच ओळखलं. या बोलली, बुधवारी या.

बुधवारी रिक्षा करून मी आणि गार्गी पवईमार्गे मरोळला गेलो. चारी बाजूंनी काचेच्या इमारती आणि मध्ये गावठाण तसंच, कोपऱ्यावरच्या क्रुसाला ताजा झेंडूचा हार. फ्रेडाने आम्ही येणार म्हणून फुग्या तळल्या होत्या, सणाला करतात त्या गोलमटोल. मी आधी माफी मागितली, फोन न केल्याबद्दल. ती म्हणाली, त्या दिवसांत कोण कुणाकडे जाऊ शकत होतं, आणि आमच्या पुढ्यात बुटाचा एक खोका ठेवला.

बावन्न कार्डं. सगळी स्टॅम्पसकट. एकालाही कात्री लागलेली नाही.

गार्गीने लॅपटॉप उघडला. ती नावं वाचायची, मी कार्ड शोधायचे. धारवाडचे प्रोफेसर सापडले, बुडापेस्टच्या बाई सापडल्या, नायजेरियातला तो लायब्ररियन सापडला ज्याने कार्डावर माझ्या तब्येतीचीही चौकशी केली होती. तासाभराने हिशेब लागला. पहिल्या चौतीस हवाल्यांपैकी सत्तावीस जणांची कार्डं खोक्यात होती. सत्तावीस माणसांच्या हातात माझी रिप्रिंट पोचली होती, तारखेसकट. पुढच्यांनी उचलेगिरी केली असेल, करोत. गार्गी म्हणाली, "सॉरी मावशी. माझं चुकलं. उदाहरण बदलते."

मग काय, मला चढलीच. चौथी फुगी तोंडात घालून मी तिला दहा मिनिटं लेक्चर दिलं. कागद हातात न घेता निष्कर्ष काढायचे नसतात, तुमच्या पिढीला सगळं स्क्रीनवर दिसतं म्हणून खरं वाटतं, वगैरे वगैरे. फ्रेडा आत गेली आणि एक पातळ हिरवट चोपडं घेऊन आली.

"ही त्याची कॉपी. त्याच्या बायबलच्या बाजूला असायची. तुमाला पायजे?"

माझीच रिप्रिंट. मी नोएलला दिलेली मला आठवत नव्हती. शिल्लक राहिलेल्यांतून त्यानेच एक घेतली असणार. उघडली तर पानापानावर बारीक पेन्सिल. अवघड इंग्रजी शब्दांवर मराठीत अर्थ लिहिलेले. एका वाक्याखाली रेघ आणि पुढे, हे बरोबर. चौथ्या पानावर तक्ता होता, चिठ्ठ्यांचा. त्यात अकरा ते पंधरा वर्षं जुन्या मासिकांच्या ओळीत छापलं होतं ३१६. त्याला गोल केलेला. शेजारी, त्याच ठसठशीत अक्षरात: ३६१ पाहिजे. ४५ चिठ्ठ्या कमी. बंडल मी बांधलं होतं.

खाली तारीख. १९८८, डिसेंबर.

मी म्हटलं, गार्गी, बेरीज कर. तिने लॅपटॉपवर केली, मी तिथेच बिलाच्या पाठीवर पेनने केली. दोघींची सारखी आली. चार हजार सदुसष्ट. आणि त्याच तक्त्याच्या तळाशी माझ्याच हाताने टाइप केलेली बेरीज, चार हजार एकशे बारा. निष्कर्ष चुकला नव्हता, तो मी पुठ्ठ्यांवरच्या आकड्यांवरून काढला होता. टाइप करताना चुकले होते. प्रुफं मी दोनदा तपासली होती. दोन तज्ज्ञांनी पेपर तपासून पास केला होता.

आणि ते सत्तावीस? धारवाडच्या प्रोफेसरांनी तर तो तक्ता आपल्या जाडजूड पुस्तकात जसाच्या तसा छापलाय, पंचेचाळीस चिठ्ठ्या खाऊन. आठ ओळींची बेरीज, तिसरीतलं पोर करेल अशी. छत्तीस वर्षांत एकानेही केली नाही. ज्याला वाचणं म्हणतात तसं वाचलं होतं एकट्या डिस्पॅच क्लार्कने, डिक्शनरी घेऊन. माझं तोंड पाहण्यासारखं झालं असणार. गार्गीने लॅपटॉपवर तीच बेरीज पुन्हा एकदा केली.

मी फ्रेडाला विचारलं, हे त्याने मला का नाही सांगितलं?

"आलेला ना तुमच्याकडे सांगायला," फ्रेडा म्हणाली. "दोनदा आलेला. पयल्यांदा तुमी पेढे वाटत होत्या. घरी येऊन बोलला, मॅडम एवढ्या खूश हायत, आज नको. मग पाच-सहा वर्सांनी परत गेला. तवा कोण तरी फॉरेनचा साहेब तुमची तारीफ करीत होता. बोलला, आता सांगितलं तर मॅडमना लाज वाटेल. ऱ्हाऊ दे."

मला पेढे आठवले. पेपर छापून आला म्हणून घाटकोपरहून आणले होते, केशरी. नोएल दारात उभा होता आणि मी त्याच्या हातावर पेढा ठेवून म्हटलं होतं, काय रे, असा काय उभा, खा की. त्याच्या दुसऱ्या हातात काही होतं का, ते मी पाहिलंच नव्हतं. मी सगळ्यांना बोलून घेते, त्यात मला कधी उशीर होत नाही. ऐकून घ्यायला मात्र एवढी वर्षं लागली आणि तोवर माणूसच राहिला नाही. मला रडू आलं. फ्रेडाच्या समोर, चार फुग्या खाऊन, भोकाड पसरून रडले मी. तिने उठून पंखा वाढवला.

परतीच्या रिक्षात गार्गी म्हणाली, मावशी, हे आपल्या दोघींतच ठेवू. लेखातून तुझा पेपर काढूनच टाकते, दुसरी एकोणचाळीस उदाहरणं आहेत. तिच्या मनात माझी दया होती. आणि खरं सांगायचं तर पवईच्या सिग्नलपर्यंत मलाही तेच हवं होतं. एकशे सत्त्याऐंशी तसेच राहिले असते. विमलाताईंना काही कळलं नसतं.

सिग्नल सुटल्यावर मी म्हटलं, नाही. सगळं टाक. पान नंबर टाक, कार्डं टाक आणि पंचेचाळीसही टाक. नावही झाकू नकोस.

"आणि नोएल अंकलचं? आभारात लिहू?"

"आभारात नको," मी म्हटलं. "शेवटच्या यादीत टाक. आभार कुणी मोजत नाही."

त्यावरून पुढचे चार दिवस वाद. गार्गीचे गाइड चंद्रप्रकाश सर म्हणाले, पेन्सिलचा शेरा हा काही संदर्भ होत नाही, तो कुठल्या डेटाबेसमध्ये जाणार? मी त्यांना स्वतः फोन लावला. म्हटलं, सर, मी एकतीस वर्षं कॅटलॉगिंग केलंय. ज्याला लिहिणारा आहे, तारीख आहे आणि पान आहे, त्याची नोंद होते. डेटाबेसने मोजायचं की नाही ते डेटाबेस बघेल. मग म्हणाले, ठीक आहे मॅडम. माझ्या पेपरची चूक मासिकात दुरुस्त करायची सोय नव्हती, कारण ते मासिकच बंद पडलंय. दुरुस्ती गार्गीच्या लेखातच छापावी लागली. तिच्या मूळ म्हणण्यात तिने एक बदल केला. चुकीचा पान नंबर म्हणजे वाचलं नाही असं नव्हे, हे लिहिलं आणि बरोबर नंबर म्हणजे वाचलं असंही नव्हे, हेही.

लेख मार्चमध्ये आला. पहिली प्रिंट काढून मी एकटीच मरोळला गेले. या वेळी पेढे नेले नाहीत, मुलुंडच्या मंडईतून कोवळी भेंडी नेली. फ्रेडाला इंग्रजी वाचता येतं, पण तिला बाकीच्या लेखात रस नव्हता. शेवटचं पान कुठलं ते दाखवा, म्हणाली.

तिने चष्मा लावला आणि यादीवर बोट ठेवून वरून खाली येऊ लागली. बोट थांबलं. क्रियाडो, नोएल. १९८८. हस्तलिखित टीप, पान ४. तिने आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. बोट तसंच ठेवून म्हणाली, "मॅडम, तुमचं नाव कुठं हाय?"

यादी आडनावांच्या इंग्रजी क्रमाने असते.

"खाली आहे," मी म्हटलं. "नोएलच्या बरंच खाली."

आणि हे सांगताना मला फार बरं वाटलं.